ताप नाय, तर काय नाय

लग्न होऊन सासरी आले त्याच्या पहिल्याच महिन्यात एका सकाळी माझं डोकं असं दुखायला लागलं की डोळे उघडवेनात. मी चटईवर पडून राहिले. सासू आली, वाकली, माझ्या कपाळावर पालथा हात ठेवला आणि म्हणाली, "थंड हाय. ऊठ, बोंबील लावायचे हायेत."

झाला निकाल. आमच्या घरात आजाराचा निकाल असा उभ्याउभ्या लागायचा. कपाळ गरम असेल तर माणूस आजारी. त्याला गोधडी, पेज आणि गोड शब्द. कपाळ थंड असेल तर सोंग, आणि सोंगाला औषध एकच, काम. मी उठले आणि डोळे पुसत बोंबील लावायला बसले. ज्यांनी समुद्र लांबूनच पाहिलाय त्यांना हे काम सांगायला हवं. दोन ताजे बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूच्या मांडवावर ताणलेल्या दोरीवर टाकायची. हा मासा भलताच मऊ. जोरात धरला तर फाटतो, हळू धरला तर निसटतो. सगळं काम बोटांच्या टोकांचं. डोकं दुखो नाहीतर फुटो, बोंबील कुणासाठी थांबत नाही, तो सडतो. सासूचं हे म्हणणं मात्र खरं होतं.

आमची वाडी तारापूरच्या खाडीजवळची. साठ सालानंतरच्या दिवसांतली ही गोष्ट. बोईसर तेव्हा लहानसं स्टेशन होतं, आजूबाजूला गवताच्या वखारी आणि भाताची शेतं. तारापूरकडे विजेच्या कारखान्याचं मोठं बांधकाम सुरू झालं होतं आणि वाडीतले काही बाप्ये होडी सोडून तिकडे रोजावर जाऊ लागले होते. पण खोकला, ताप, मोडलेलं हाड यांच्यासाठी डॉक्टर म्हणावा असा डॉक्टर पालघरलाच होता. तिथे जायचं म्हणजे एसटीने बोईसर, मग गाडीची वाट बघत फलाटावर बसणं, आणि घरचा एक दिवस बुडाला. म्हणून जाण्याआधी माणूस खरंच आजारी आहे की नाही, याची खात्री करून घ्यायची पद्धत होती. ती खात्री करायची माझी सासू.

तिला सगळी वाडी आय म्हणायची, मीही आय म्हणायचे. सासरे तांडेल होते, म्हणजे होडीवर शेवटचा शब्द त्यांचा. होडी किनाऱ्याला लागली की तो शब्द आयच्या ताब्यात जायचा. तिचा हात मिठाने आणि खवल्यांनी सुकटीसारखा खरबरीत झालेला, पण त्या हाताच्या पाठीला ताप कळायचा हे मी नाकारणार नाही. कुणाचं पोर किरकिरलं, कुणाची सून झोपून राहिली, कुणा खलाशाने समुद्रावर जायला कंटाळा केला की त्याला आमच्या ओट्यावर आणायचे. आय कपाळाला हात लावायची आणि निकाल द्यायची. एकदा होडीवरून घसरून पाय मोडलेल्या माणसाला चौघांनी उचलून आणलं, तर तिने आधी त्याचं कपाळच पाहिलं. "ताप नाय, तर काय नाय," हे तिचं वाक्य वाडीत पाठ होतं. तो माणूस बोंबलत होता म्हणून त्याला पालघरला नेलं, नाहीतर तोही बोंबील लावायला बसला असता.

आणि मग एका हिवाळ्यात आयचीच बोटं सुजली.

सकाळी उठली की तिची मूठ वळेना. सांधे लाल, फुगलेले, हात लावू देत नव्हते. तिने निरगुडीचा शेक घेतला, तेल चोळलं, भगताचा दोरा बांधला. हाताने स्वतःचं कपाळ रोज तपासलं आणि रोज जाहीर केलं, "थंड हाय." म्हणजे तिच्याच कायद्याने ती आजारी नव्हती. त्यामुळे ती रोज कामाला बसायची, आणि बोंबलांच्या जोड्या तिच्या हातातून वाळूत पडायच्या. एका सकाळी तिने ओळीने चार-पाच मासे फाडले आणि पुढचा मासा हातात घेऊन तशीच बसून राहिली. मी बघितलं तर ती रडत होती. हिला रडता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मला तिचा राग यायचा, धाक वाटायचा, पण तिच्याशिवाय ते घर कसं चालेल याचा विचार मी कधी केला नव्हता.

सासरे तिला पालघरला घेऊन गेले. सातवी पास सून म्हणून मी बरोबर. डॉक्टरांचं बोलणं समजून घ्यायचं आणि पिशवी धरायची, अशी दोन्ही कामं माझ्याकडे होती.

पालघरचे डॉक्टर उंच, टक्कल पडलेले, चिडके. माणसांवर ओरडायचे, पण समजेपर्यंत समजावून सांगायचे. त्यांनी आयचे हात उलटेसुलटे करून पाहिले, गुडघे दाबले, रक्त तपासायला पाठवलं. पुढच्या खेपेला म्हणाले, "हा साधा वात नाही. घर राखायला ठेवलेला कुत्रा घरच्यांनाच चावायला लागावा, तसं तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांना चावतंय. ही गोळी त्या कुत्र्याला गुंगी देते. चावायचा थांबेल. पण नीट ऐका. गुंगीतला कुत्रा चोर आला तरी भुंकत नाही."

आय म्हणाली, "आमच्याकडं चोर येऊन काय नेल? बोंबील?"

सासरे हसले. डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. जुना खोकला असेल त्याच्याजवळ हिला बसू देऊ नका. ताप आलेल्याची, देवी-कांजिण्या आलेल्याची सेवा हिने करायची नाही. काटा लागला, जखम झाली तर दाखवायला आणा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि शेवटी बोट वर करून म्हणाले, "या गोळीत ताप दबतो. आत रोग पेटला तरी अंग थंड लागेल. ताप नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं समजू नका."

घरी आल्यावर ओट्यावर बायका जमल्या. डॉक्टर काय बोलला, असं विचारलं तेव्हा आय म्हणाली, "बोलला, ताप नाय तर काय नाय."

तिच्या ऐकण्यात चूक झाली नव्हती. कान तिचे तिखट होते, खाडीपलीकडची कुजबुज तिला ऐकू यायची. तिला ते पटलंच नव्हतं. पालघरच्या डॉक्टराला माणसाच्या शरीरातलं काही वेगळं माहीत असेल, ही गोष्टच तिच्या डोक्यात शिरत नव्हती. मी मधे तोंड घातलं, "आय, ते तसं नाय बोलले." तर शेजारीण म्हणाली, "सातवी शिकली म्हून सासूला शिकवते." पालथ्या घड्यावर पाणी.

गोळीने मात्र चमत्कार केला. थोड्याच दिवसांत आयची मूठ वळायला लागली. सांध्यांची सूज उतरली आणि ती पुन्हा मांडवाखाली बसून माझ्या दुप्पट वेगाने जोड्या लावू लागली. भूक वाढली. महिन्या-दोन महिन्यांत तिचा चेहरा भरला, गोल झाला, गालांवर लाली आली. तिच्या ओढलेल्या, उन्हाने रापलेल्या तोंडाच्या जागी एखाद्या खात्यापित्या शेटाणीचं तोंड आणून बसवल्यासारखं दिसायचं. वाडी खूश झाली. "आय अंगावर आली," "आयची तब्येत बनली," असं जो तो म्हणायचा. नजर लागू नये म्हणून दंडाला काळा दोरा बांधला गेला. ही गोलाई गोळीची आहे, तब्येतीची नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पण गोल तोंडाला आजारी म्हणणारी बाई आमच्या वाडीत जन्माला यायची होती.

गोळीचा लौकिक झाला तेव्हा आणखी एक संकट आलं. तांडेलाच्या घरची रीत अशी, की जे काही येईल त्याचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, प्रत्येक खलाशाचा वाटा. सासऱ्यांनी एके दिवशी कंबर धरून बसलेल्या आपल्या खलाशांकडे पाहिलं, गोळ्यांच्या बाटलीकडे पाहिलं आणि उदार मनाने म्हणाले, "सगल्यांना एकेक दे." त्यांच्या मते घरात आलेली चांगली वस्तू एकटीने खाणं हे पाप. मी बाटली तांदळाच्या पिंपात खोल पुरली आणि गोळ्या संपल्या म्हणून सांगितलं. आयला रोज सकाळी मी पेजेबरोबर गोळी द्यायचे आणि ती कुठून येते हे तिनेही विचारलं नाही. वाटे पाडायची वेळ आली की आयलाही आपला हिस्सा कळत असे.

खरा चोर आला तो पुढच्या वैशाखात, तोही एसटीने, पिशवीभर आंबे घेऊन.

सासऱ्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या. दर वर्षी होड्या पावसाळ्यासाठी वर ओढायच्या सुमाराला ती माहेरपणाला यायची आणि नारळी पुनवेला होड्या पुन्हा पाण्यात जाईपर्यंत राहायची. ती आणि आय लहानपणापासूनच्या मैत्रिणी. आयचं लग्नही आत्यानेच जमवलं होतं. दोघी शेजारी शेजारी चटया टाकून निजायच्या, सकाळी एकाच डबीतली मिशेरी दाताला लावत जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. आत्या मायाळू होती, माझ्याशी तर फारच. तिच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ अजून रेटत नाही. पण त्या वर्षी ती आली ती खोकत आली.

खोकला ओला, खोल, सकाळी जास्त. संध्याकाळ झाली की तिचं अंग तापायचं. ती वाळली होती. मी डॉक्टरांचं बोट आठवलं आणि आयला बाजूला घेऊन म्हटलं, "आय, आत्यांचा खोकला जुना हाय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जुन्या खोकल्याजवळ बसू नका."

"दमा हाय तिचा," आय म्हणाली.

आमच्या वाडीत क्षय कुणालाच व्हायचा नाही. दमा व्हायचा, वारं लागायचं, नजर लागायची, आणि माणूस मरायचा. क्षय हा शब्द उच्चारला तर त्या घरच्या मुलींची लग्नं मोडली असती, त्या घरचे मासे कुणी घेतले नसते. म्हणून सगळ्यांनी मिळून त्या रोगाचं बारसं दमा म्हणून केलं होतं, आणि तो रोग बिचारा त्या नावानेही आपलं काम चोख करत होता.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बापाच्या बहिणीला घरातून काढू? तांडेल मला खाडीत बुडवल." मग मी सासऱ्यांसमोरच बोलले. बाहेर लोक म्हणतात की कोळीण कुणाला भीत नाही, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. मी म्हटलं, "बाबा, आत्यांना पालघरला दाखवू या. तोवर त्यांची चटई ओट्यावर टाकू या, आयपासून लांब."

सासऱ्यांनी विचार केला. विचार करताना ते नेहमी समुद्राकडे बघायचे. मग त्यांनी न्यायासाठी प्रकरण योग्य ठिकाणी पाठवलं, म्हणजे आयकडे. आयने आत्याच्या कपाळावर पालथा हात ठेवला. संध्याकाळची वेळ होती.

"गरम हाय," आय म्हणाली. मग तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला. "मी थंड हाय."

आणि कायद्याप्रमाणे सगळं ठरलं. जिचं कपाळ गरम ती आजारी, तिने झोपायचं. जिचं थंड ती धडधाकट, तिने सेवा करायची. डॉक्टरांनी जिला खोकल्यापासून जपायला सांगितलं होतं, तीच आता खोकणारीच्या उशाशी बसून तिला पेज भरवू लागली, तिची पाठ चोळू लागली, तिच्या थुंकीचं भांडं धुऊ लागली. मी भांडं हातातून घेतलं की ती परत हिसकावून घ्यायची. "सून हायस, सूनसारखी ऱ्हा. माजी नणंद हाय, मी करन." वाडीतल्या बायका येऊन कौतुक करायच्या. बघा, इतकी गोल, इतकी लाल, आणि नणंदेची सेवा कशी करते. माझ्याकडे बघून म्हणायच्या, "शिक काय तरी." मी शिकत होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. आमच्या घरातला कुत्रा तर पीठ खायलाही उठत नव्हता, गुंगीत पडला होता.

पावसाळा असाच गेला. नारळी पुनवेला आत्याचा मुलगा आला आणि तिला घेऊन गेला. जाताना आत्या आयच्या गळ्यात पडून रडली. मला जवळ घेऊन म्हणाली, "तुजी सासू देवमाणूस हाय. जप तिला." मी दुसरं काय करत होते?

त्यानंतर आय बदलू लागली. तोंड गोलच होतं, पण दंड सैल पडले, लुगडं कमरेला थांबेना. मांडवाखाली बसली की थोड्या वेळाने भिंतीला टेकायची. अन्न पुढे सारायची. एक बारीक, कोरडा खोकला लागला, तोही इतका सभ्य की घसा साफ करतेय असं वाटावं. मी म्हटलं, पालघरला जाऊ. तिने कपाळाला हात लावला. थंड. सासऱ्यांनी लावला. थंड. शेजारणींना बोलावलं गेलं आणि चार-पाच जणींनी पाळीपाळीने हात लावून पाहिले, गणपतीसमोर ओळीने नमस्कार करावा तसे. सगळ्यांचं एकमत झालं. एक म्हणाली, "नणंद गेली म्हून मन लागत नाय." दुसरी म्हणाली, "सून त्रास देत असल." खोकल्याच्या कारणांमध्ये माझा नंबर क्षयाच्या बराच वर होता.

मी अडून बसले. शेवटी ज्या गोष्टीला आय नाही म्हणू शकत नव्हती ती वापरली. पिंपातल्या गोळ्या संपत आल्या होत्या, आणि या खेपेला ते खरंच खरं होतं. डॉक्टर तुम्हाला बघितल्याशिवाय गोळी देणार नाहीत, असं मी सांगितलं. बोटं पुन्हा अडतील, या भीतीने ती उठली.

बोईसरच्या फलाटावर ती माझ्या खांद्याला टेकून बसली. तिने कधी कुणाला टेकून बसलेलं मी पाहिलं नव्हतं. तिचं वजन काहीच लागत नव्हतं, आणि मला वाटलं की गाडी आत्ताच्या आत्ता यावी. ती नेहमीप्रमाणे उशिरा आली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. फोटो काढायला लावला. फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "ताप कधीपासून?"

"ताप नाय," आय म्हणाली. अभिमानाने.

"असता तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने आधी आली असतीस." मग ते ओरडले, कुणावर ते कळेना, माझ्यावर की फोटोवर. "घरात खोकणारं कोण आहे?"

मी सांगितलं. आत्या, तिचा खोकला, चटया, थुंकीचं भांडं, सगळं. आयने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घरचं वस्त्र रस्त्यावर फेडलं. डॉक्टर म्हणाले, हा क्षय आहे, दोन्ही बाजूंना पसरलाय. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारला. इंजेक्शनं सुरू केली, नव्या गोळ्या दिल्या, आणि जुन्या गोळ्या हळूहळू कमी करायला सांगितलं. "एकदम बंद केल्या तर त्यानेच मरेल. कमी होतील तशी बोटं दुखतील. ताप वर येईल. ताप आला तर घाबरू नका. कुत्रा जागा होतोय, असं समजा."

आत्यालाही घेऊन या, असं ते म्हणाले. सासरे स्वतः तिच्या गावाला जाऊन आले. तिच्या मुलाने सांगितलं, "आमच्या आईला दमा हाय. तुमच्या डाक्टराला काय कलते?" पुढे आत्या दम्यानेच गेली. सुतक पाळलं, सगळं रीतसर झालं.

इंजेक्शन द्यायला रोज एक कंपाउंडर सायकलवरून यायचा. त्याची सायकल दिसली की वाडीतल्या बायका ओट्यावरून विचारायच्या, "आयला काय झालं?" सासरे सांगायचे, "दमा." माझ्या नवऱ्याने एकदा धीर करून क्षय म्हटलं, तर सासऱ्यांनी त्याला घरात बोलावून घेतलं आणि आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. त्यांचं आयवर प्रेम नव्हतं असं नाही. ते रोज तिच्यासाठी होडीवरचा सगळ्यात ताजा पापलेट राखून ठेवायचे, आणि ती खात नाही हे बघून तो मांजरापुढे न टाकता स्वतः वाळूत पुरून यायचे. पण खोटं बोलल्याने रोग लाजेल आणि परत जाईल, अशी त्यांची काहीतरी समजूत असावी.

जुनी गोळी कमी होत गेली. आयची बोटं पुन्हा वाकडी झाली. चेहऱ्याची गोलाई उतरली आणि आतलं खरं तोंड दिसलं, ते बघून मी दचकले. वाडी मात्र डॉक्टरवर भडकली. "चांगली गोल व्हती, बघा काय करून टाकली. चांगल्या गोल्या बंद केल्या मेल्यानं." चोर कोण, राखणदार कोण, याचा आमच्या वाडीने शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही.

एका दुपारी मी मांडवाखाली बसले होते. ऊन रणरणत होतं. आयची खाट आम्ही सावलीत आणून ठेवली होती, तिला काम दिसत राहावं म्हणून. माझ्या पाठीत कळ आली, मी जोडी खाली ठेवली आणि जरा मागे रेलले. आयने खाटेवरून बघितलं. तिला ते सहन झालं नाही.

"हिकडं ये," ती म्हणाली.

मी गेले. तिने वाकड्या बोटांचा पालथा हात माझ्या कपाळावर ठेवला, जसा पहिल्या महिन्यात ठेवला होता. थोडी थांबली.

"थंड हाय. अगदी गार. जा, बोंबील लाव."

मी हललेच नाही. माझ्या कपाळावर तिचा हात निखाऱ्यासारखा पोळत होता.

"आय," मी म्हटलं, "तुमचा हात तापलाय."

तिने हात मागे घेतला. त्याच्याकडे पाहिलं, उलटा केला, सुलटा केला. स्वतःच्या कपाळाला लावला, पण तापलेल्या हाताला तापलेलं कपाळ कसं कळणार? मग तिने माझा हात धरला आणि ओढून आपल्या कपाळावर ठेवला. एवढ्या वर्षांत तिने दुसऱ्याचा निकाल कधी मागितला नव्हता.

"सांग," ती म्हणाली.

"गरम हाय."

तिने माझा हात कपाळावरून काढून खाटेवर ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "म्हंजे त्या गोलीनं माजा हातच फितवला व्हता. मी थंड थंड बोलत व्हते, आन आतून जलत व्हते." तिला कळलं. पालघरच्या डॉक्टरांनी कुत्र्या-चोराची गोष्ट सांगून जे पटवता आलं नाही, ते तिला तिच्या हातानेच पटवलं. कळून काय करायचं, हा प्रश्न उरला होता. ती रडली नाही. रडले मी, तिथेच, खाटेच्या पायाशी बसून, आणि तिने मला उठून काम कर असं म्हटलं नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, आयला ताप आला. सगळी वाडी लोटली. आता ती खरी आजारी होती. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी नारळ आणले, कुणी अंगारा, कुणी भगताला आणलं. सासऱ्यांनी होडी किनाऱ्याला ठेवली. जे वर्षभर मी जीव तोडून सांगत होते ते सगळ्यांना एका संध्याकाळी पटलं. तिला पालघरच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी जमेल ते केलं, पण चोराने घर केव्हाच धुऊन नेलं होतं. पावसाळ्याआधी आय गेली.

माझ्या आयुष्यात इतका राग मला पुन्हा आला नाही, आणि तो कुणावर करायचा हेही कधी ठरवता आलं नाही. माणसं सगळी प्रेमळ होती. प्रत्येकाने रीतीप्रमाणेच केलं.

वारसाहक्काचंही रीतीप्रमाणेच झालं. आयचा हात गेला, म्हणून वाडीने माझा धरला. मोठ्या घरची सून, पालघरला जाऊन आलेली. तेराव्याच्या नंतर थोड्याच दिवसांत शेजारीण आपल्या नव्या सुनेला दंडाला धरून आमच्या ओट्यावर घेऊन आली. तीच शेजारीण, जिने मला सासूला शिकवते म्हटलं होतं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता, एक हात पोटावर होता.

"बघ गो जरा," शेजारीण म्हणाली. "सकालपासून पडून हाय. सोंग करते."

मी पालथा हात पोरीच्या कपाळावर ठेवला. ओल्या वाळूसारखं गार. ती डोळे मिटून माझ्या निकालाची वाट बघत होती, आणि मला ते वाट बघणं ओळखीचं होतं.

"तापलीय," मी म्हटलं. "आजच पालघरला न्या."

त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. या ओट्यावर बसून मी किती कपाळांना हात लावले, त्याची गणती नाही. काही गरम होती, बरीचशी थंड होती. मी आजवर एकालाही थंड म्हटलेलं नाही.